स्थिर कोणी राहायचं?

हातात धरलेला मोठा कॅमेरा आणि डहाणू-तलासरी
(डहाणू येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत येताना दारापाशी दोघांनी मला विचारलं, सर, आज पेटी वाजवणार का? त्यांची चूक नाही. टेबलावर ठेवलेली ही वस्तू उघडली की पुढे भाता येतो, आणि भाता म्हटलं की आपल्याला पेटी आठवते नाहीतर लोहाराचं दुकान. पण हा कॅमेरा आहे. अमेरिकन बनावटीचा स्पीड ग्राफिक. यात रीळ बसत नाही. ४ बाय ५ इंचाची एकेक फिल्म बसते, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. आणि एका वेळी एकच फोटो निघतो. मी हा पुढच्या रांगेत देतो. हातातून हातात जाऊ दे. फ्लॅश आणि फिल्मसकट तीन किलोच्या घरात वजन आहे, तेव्हा नीट धरा.

आता तुमच्यातले फोटोग्राफीवाले मनात म्हणतील, एवढा मोठा कॅमेरा, मग याचा स्टँड कुठे आहे? आजचं माझं बोलणं त्या स्टँडबद्दलच आहे. हा कॅमेरा मुळात स्टँड सोडून हातात धरण्यासाठी केलेला आहे. स्टँडवरून हातात येणं ही वरवर तांत्रिक गोष्ट दिसते. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला त्यात एक वेगळाच प्रश्न दिसतो. फोटो नीट यायचा तर कोणीतरी स्थिर राहावं लागतं. मग ते कोणी राहायचं? ज्याचा फोटो निघतोय त्याने, की जो काढतोय त्याने? माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं तसा फोटो काढणारा आणि फोटोतला माणूस यांचा संबंधही बदलत गेला. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. इथे, डहाणू-तलासरीत, एक फसलेला फोटो काढून शिकलो. त्या फोटोकडे शेवटी येतो.

आधी स्टँड कुठून आला ते पाहू.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ साली काचेवरच्या फोटोची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायची. काच वाळली की काम संपलं. प्रकाश कित्येक सेकंद आत सोडावा लागे. कोणाचाही हात एवढा वेळ स्थिर राहात नाही, म्हणून कॅमेरा तिपाईवर. पण नुसता कॅमेरा स्थिर राहून भागत नाही, समोरचा माणूसही तसाच राहायला हवा. म्हणून स्टुडिओत खुर्चीमागे एक लोखंडी दांडा असे, त्याच्या टोकाला चिमटा, आणि त्या चिमट्यात मान. जुन्या फोटोंतले आपले पूर्वज एवढे गंभीर का दिसतात, याचं निम्मं उत्तर त्या चिमट्यात आहे.

ही विद्या मुंबईत फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. म्हणजे कॅमेऱ्यामागे सगळे गोरेच होते असं नाही. पण त्या मुंबईतलं एक पुस्तक मला इथे सांगायचंय. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले, १८६३ आणि १८६६ साली. त्यातली युक्ती अशी, की माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, मुंबईतल्या आणि आसपासच्या जागांचे दुसरीकडे, आणि मग दोन्ही जोडून एक चित्र करायचं. माणूस आणि त्याच्या मागची जागा यांची भेटच झालेली नाही! पुढे सरकारच्या आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. त्यांतही तेच. माणूस नमुना म्हणून उभा, खाली जातीचं नाव, आणि दोन ओळींत त्याच्या स्वभावाचा निकाल.

यात फोटोग्राफर वाईट होते असं मी म्हणत नाही. काहींचं काम अतिशय सुंदर आहे. मी एवढंच दाखवतोय, की त्या यंत्राच्या रचनेतच एक हुकूम होता. हलू नकोस. आणि हुकूम कोण कोणाला देऊ शकत होतं, हे त्या काळात ठरलेलं होतं.

आता तुम्हाला ओळखीच्या जागी नेतो, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत. चैत्रातली ही यात्रा इथे कोणाला सांगायला नको. माझ्या मामाचा इथे फोटोचा धंदा होता, आणि यात्रेचे पंधरा दिवस त्याचा तंबू तिकडे लागायचा. मी आठ-दहा वर्षांचा असेन, म्हणजे १९६०च्या आगेमागे. तंबूत मागे रंगवलेला पडदा. त्यावर राजवाडा, जिना आणि एक मोटार. पुढे लाकडी स्टँडचा कॅमेरा, त्याला काळं कापड. माझं काम पाण्याच्या बादल्या भरायचं आणि गिऱ्हाइकांची रांग लावायचं.

पाड्यांवरून नवी लग्नं झालेली वारली जोडपी यायची. कपडे नवे, केसात फूल, चेहऱ्यावर हसू. मामा काळ्या कापडात शिरायचा आणि आतून ओरडायचा, हसू नका, हलू नका, श्वास धरा. मग लेन्सची टोपी काढायची, मनात एक-दोन मोजायचे, टोपी परत. तेवढ्या वेळात ते हसू कुठल्या कुठे जायचं. संध्याकाळी फोटो हातात पडला की बायको नवऱ्याला चिडवायची, हा कोण मेलेला माणूस काढलाय? मामाला ते लागायचं. तो म्हणायचा, तंबूच्या बाहेर नाचतात, हसतात, भांडतात, आणि माझ्याकडे आले की खांब होतात.

तंबूच्या बाहेर तारपा वाजत असे. तारपा नाच तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. मधे तारपेकरी, दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते लांब वाद्य फुंकत फिरतोय, आणि त्याच्याभोवती कमरेला हात घालून माणसांची साखळी, गोगलगायीच्या पाठीसारखी वळत जाणारी. त्या साखळीला कोण सांगणार, थांबा म्हणून? थांबली तर तो तारपा नाच उरेल का?

इथे मला सांख्यांची आठवण होते. सांख्य दर्शनात प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे. ती नाचते, आणि पुरुष, म्हणजे बघणारा, तो अचल. बघणाऱ्याने अचल राहायचं, नाचणाऱ्याने नाचायचं, अशी ती वाटणी आहे. स्टँडच्या कॅमेऱ्याने ती वाटणी उलटी केली होती. बघणारा म्हणतो, आधी तू नाच थांबव, मग मी तुला बघतो.

हे बदललं ते रसायनामुळे. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत सुचवली. १८८०च्या सुमारास त्या काचा इतक्या तेज झाल्या, की सेकंदाच्या पंचविसाव्या भागात फोटो उमटू लागला. कॅमेरा हातात धरता येऊ लागला. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक निघाला आणि सामान्य माणसाच्या हातात छोटा खोका आला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मोठी काच आणि मोठी फिल्म वापरणाऱ्यांनी काय केलं? त्यांनी मोठा कॅमेराच हातात उचलला.

न्यूयॉर्कचा आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यातला मोठा माणूस. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी हिमवादळात तो फिफ्थ ॲव्हेन्यूवर तीन तास उभा राहिला. हातात ४ बाय ५चा कॅमेरा, समोरून घोड्यांची गाडी येण्याची वाट बघत. रस्त्याला, घोड्यांना, बर्फाला थांबवण्याची सोय नव्हती. थांबला तो स्वतः. पुढे १८९७ साली त्याने हातातल्या कॅमेऱ्याचं महत्त्व सांगणारा लेखच लिहिला. त्याचा १९०७ सालचा, जहाजावरच्या खालच्या वर्गाच्या उतारूंचा फोटो जगप्रसिद्ध आहे. तो काढताना त्याच्यापाशी न वापरलेली काच एकच उरली होती. धावत केबिनमध्ये जाऊन त्याने कॅमेरा आणला, तेव्हा चित्र अजून तसंच होतं. एक काच, एक फोटो, संपलं.

मग १९१२ साली हा आपला स्पीड ग्राफिक आला आणि १९७३पर्यंत बनत राहिला. वर्तमानपत्रवाल्यांचा हा कॅमेरा. जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिक झेंडा उभारतायत, तो जो रोझेन्थालचा फोटो तुम्ही पाहिला असेल. २३ फेब्रुवारी १९४५चा तो फोटो स्पीड ग्राफिकने काढलेला आहे. हे साल लक्षात ठेवा, १९४५. त्याच सालात आपल्याला तलासरीत यायचंय.

कॅमेरा आता चौथ्या रांगेत पोचलाय. कोणाचा हात दुखला? दुखणारच. मग प्रश्न असा, की एवढं ओझं हातात का धरायचं? याचं गणित सोपं आहे. ही फिल्म साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या जवळपास पंधरापट मोठी. ८ बाय १० इंचाचा फोटो करायचा तर लहान फिल्म आठपट मोठी करावी लागते, ही फक्त दुप्पट. फिल्मवरचा प्रत्येक दोषही त्याच प्रमाणात मोठा होतो. म्हणजे मोठी फिल्म तेवढी माफी देते. पण दुसऱ्या बाजूने वसूल करते. मोठ्या फिल्मला लांब नाभीअंतराची लेन्स लागते. या कॅमेऱ्यावर १२७ मिलिमीटरची आहे. तिच्यात स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. माणूस वीतभर पुढे सरकला की नाक स्पष्ट आणि कान धूसर. म्हणून भिंग बारीक करावं लागतं, बारीक केलं की प्रकाश कमी पडतो, आणि प्रकाश कमी की शटर जास्त वेळ उघडं. परत आलोच हात स्थिर ठेवण्यावर.

आता याने फोटो कसा काढतात ते ऐका. मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं, पण फिल्मची पेटी सरकवली की ती काच झाकली जाते. म्हणून अंतर आधीच अंदाजाने लावायचं. जुने प्रेसवाले बरेचदा दहा फुटांवर लावून ठेवत आणि स्वतःच पुढेमागे होत. वरच्या तारेच्या चौकटीतून बघायचं. शटर ताणायचं. पेटीतली काळी पट्टी ओढून काढायची, नाहीतर फिल्मला प्रकाश दिसणारच नाही. श्वास सोडायचा आणि अर्ध्यावर थांबायचं. कोपर बरगडीला. खटका. पट्टी परत. पेटी उलटायची, तिच्या दुसऱ्या बाजूला अजून एक फिल्म. दोन झाले की दुसरी पेटी. फ्लॅश असेल तर त्याचा बल्ब एकदाच पेटणारा, आणि पेटल्यावर इतका गरम की रुमालाने काढायचा.

यातलं एक पाऊल चुकलं की फोटो गेला. मोठमोठ्यांचे गेले आहेत. मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ साली पुण्यात गांधीजींचा फोटो काढायला आल्या. गांधीजींच्या सचिवांनी अट घातली, आधी चरखा चालवायला शिका. त्या शिकल्या. मग फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी मिळाली. दोन वाया गेले, तिसरा लागला, आणि चरख्यामागे बसून वाचणारे गांधीजी जगाला मिळाले. मला यातली चरख्याची अट फार आवडते. ज्याचा फोटो काढायचा त्याचं काम आधी स्वतःच्या हाताने करून बघ.

आणि आपल्या शेजारच्या होमाई व्यारावाला. जन्म नवसारीचा, १९१३चा. नवसारीहून मुंबईला जाणारी गाडी आपल्या डहाणू रोडवरूनच जाते. मुंबईत जे.जे.मध्ये शिकल्या, १९४२ साली दिल्लीला गेल्या, आणि साडी नेसून, सायकलवर सामान लादून, पुरुषांच्या गर्दीत प्रेस फोटोग्राफर म्हणून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे स्पीड ग्राफिकचा पेसमेकर होता, क्वार्टर प्लेट, म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच. माझ्या या कॅमेऱ्याचं धाकटं भावंड. पंडित नेहरूंना कोण सांगणार हलू नका म्हणून? त्यांनी हलायचं आणि होमाईबाईंनी स्थिर राहायचं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ साली त्या गेल्या.

इथे तुम्ही म्हणाल, सर, हे सगळे नेते आणि पुढारी. समोरचा बलवान असला की फोटोग्राफर आपोआपच नम्र होतो. बरोबर आहे. कसोटी तिथे नाहीच. समोरचा दुबळा असतो तेव्हा हात कसा वागतो, तिथे कसोटी आहे. म्हणून तलासरीला येऊ.

१९४५ साली तलासरी हा उंबरगाव तालुक्याचा भाग होता. उंबरगाव गुजरातेत गेलं ते १९६०ला, आणि पालघर जिल्हा तर अगदी अलीकडे, २०१४ साली झाला. इथल्या वारल्यांवर वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवराबायको दोघांनी राबायचं, याला लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथे इथले काही वारली गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे आले. मे महिन्यात झरीला सभा झाली, आणि वेठ करायची नाही असं ठरलं. मग १० ऑक्टोबर १९४५. गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा पसरवली गेली आणि हजारो माणसं तलासरीला जमली. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले, त्यांत जेठ्या गांगड. तो दिवस तलासरीत अजून पाळला जातो. गोदूताईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं, ते तुम्ही वाचलंच असेल.

लक्षात घ्या, ती माणसं हलत नव्हती. पळा म्हटलं तरी हलत नव्हती, कारण बाई इथे येणार अशी त्यांची समजूत होती. हलू नका हा शब्द आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या माणसांचं ते पहिलं स्वतःच्या मर्जीचं न हलणं. मी जेव्हा जेव्हा स्थिरतेवर बोलतो, तेव्हा मला काचेसमोर मान आवळून बसलेला माणूस आणि तलासरीच्या माळावर बसून राहिलेला माणूस, दोघे एकदम दिसतात.

आता माझा फसलेला फोटो.

मामाने म्हातारपणी मुंबईच्या चोरबाजारातून हा स्पीड ग्राफिक आणला. त्याच्या मनात तारपा होता. १९७४ साली, भाताची कापणी झाल्यावर, तलासरीकडच्या एका पाड्यावर आम्ही रात्री गेलो. मामाकडे तीन पेट्या, म्हणजे सहा फिल्म. बल्ब सहाच. नाच रंगात आला. मामा साखळीच्या आत शिरला, दहा फुटांवर, आणि तिच्याबरोबर फिरायला लागला. मला वाटलं, म्हातारा पडतोय आता. पाच फोटो काढले. सहाव्याच्या वेळी काळी पट्टी ओढून झाली होती आणि साखळीतल्या एका म्हातारीने हात आडवा धरला. नको म्हणाली. मामाने पट्टी परत सरकवली आणि कॅमेरा खाली घेतला. मला राग आला. मी म्हटलं, मामा, दहा फुटांवरून असा फोटो परत मिळणार होता का? मामा म्हणाला, दहा फुटांवर होतो म्हणून तर ती बोललेली मला ऐकू आली.

मी तेव्हा नुकताच प्राध्यापक झालो होतो, नीतिशास्त्र शिकवत होतो. हे वाक्य कुठल्या प्रकरणात बसवायचं ते मला बरीच वर्षं कळलं नाही.

मामा गेला, कॅमेरा माझ्याकडे आला. १९८१ साली मी एकटाच तलासरी भागात गेलो. १० ऑक्टोबरच्या जमावात जो स्वतः होता असा एक वृद्ध वारली मला भेटला. त्या दिवसाबद्दल फार बोलला नाही. मी होतो, एवढंच म्हणाला. संध्याकाळ झाली होती, बल्ब नव्हता. लेन्स पूर्ण उघडी टाकली, शटर पंचविसावर. तो कुडाला टेकून बसला होता. मी त्याला म्हटलं, बाबा, हलू नका. तो हसला. मी खटका दाबला. दुसरी फिल्म घ्यायला गेलो तर अंधार झाला. फोटो आणून देतो म्हटलं आणि निघालो.

घरी धुतल्यावर बघितलं, तर सगळा चेहरा हललेला. मला इतकी लाज वाटली, की मी प्रिंट केलीच नाही. निगेटिव्ह पाकिटात घालून ठेवली. पुढच्या वर्षी नीट काढू म्हटलं. पुढच्या वर्षी परीक्षा होत्या, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. बघता बघता ते राहिलं ते राहिलंच. ही चूक माझी, आणि ती कॅमेऱ्याची नाही.

निवृत्तीनंतर पाकिटं आवरताना ती निगेटिव्ह सापडली. मोठ्या फिल्मचा एक फायदा असतो. ती कागदावर ठेवून तशीच छापली तरी हातात धरण्याएवढा फोटो मिळतो. तो घेऊन मी तो पाडा शोधत गेलो. म्हातारा केव्हाच गेला होता. त्याची मुलगी भेटली, तीही आता म्हातारी. बापाचा एकही फोटो घरात नव्हता. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली. फोटो नीट नाही, ते हलले होते, वगैरे. तिने फोटो उंबऱ्याशी उजेडात नेला, खूप वेळ बघितला. मग म्हणाली, “बा नाय हालला. तुझाच हात हालला.”

आणि तिचंच बरोबर होतं! घरी येऊन मी भिंगातून बघितलं. मागचा कुडही तितकाच आणि त्याच दिशेने हललेला आहे. माणूस हलला असता तर कुड स्पष्ट असता. चाळीस वर्षं मी मनात त्या म्हाताऱ्याला दोष देत होतो, आणि पुरावा माझ्याच निगेटिव्हमध्ये होता. ज्ञानशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे तपासलं नाही, कारण तपासण्याची गरजच वाटली नाही. फोटो हलला म्हणजे समोरचा हलला, हे मी गृहीत धरलं. जॉन्सनच्या काळातली ती सवय माझ्याही हाडात होतीच.

म्हणून मी म्हणतो, कॅमेरा स्टँडवरून हातात आला एवढ्याने कोणी न्यायी होत नाही. हातातला कॅमेरा चोरटाही असतो. १८८०च्या दशकात टोपीत आणि कोटात लपवायचे कॅमेरे निघाले, आणि त्यांना नावच डिटेक्टिव्ह कॅमेरे असं होतं. आज खिशातल्या फोनने कोणीही कोणाचाही फोटो काढतो, आणि समोरच्याला पत्ताही नसतो. दहा फूट अंतर नाही आणि आडवा हातही नाही. मोठा कॅमेरा हातात धरण्यात माझ्या दृष्टीने दोन गोष्टी एकत्र येतात. तो लपत नाही, आणि स्थिर राहण्याचं ओझं काढणाऱ्याच्या मनगटावर येतं. हात हलला तर ते कागदावर दिसतं आणि समोरच्याला बोट दाखवून सांगता येतं.

गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी आणि त्यांच्या आधी लग्नाचा चौक लिहिणाऱ्या इथल्या बायकांनी हा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सोडवला होता. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला तारपा नाच बघा. सगळी साखळी चालू आहे आणि कोणालाही थांबावं लागलेलं नाही. पण काढणारा स्वतः कधीतरी त्या साखळीत नाचलेला असतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. मामा त्यातल्या त्यात जवळ गेला होता. त्याचे पाच फोटो मी आणले आहेत. त्यांतला एकच स्पष्ट आहे. चार मला जास्त आवडतात.

एवढंच बोलायचं होतं. काही विचारायचं असेल तर विचारा.

प्रश्न: आजच्या काळात अशी फिल्म मिळते का, आणि एवढा खर्च करून उपयोग काय?

मिळते, बाहेरून मागवावी लागते आणि महाग पडते. उपयोग एवढाच, की खिशात दोन फिल्म असल्या की माणूस फोटो काढण्याआधी बोलतो. खाण्यापिण्याची चौकशी करतो, नाव विचारतो. दोनशे फोटो काढता येत असतील तर आपण आधी काढतो आणि मग बोलतो, बहुतेकदा बोलतही नाही.

प्रश्न (तलासरीहून आलेली एक विद्यार्थिनी): सर, तुम्ही आमच्या लोकांचे इतके फोटो काढलेत. आमच्यातल्या कोणी तुमचा काढलाय का?

नाही, अजून कोणी नाही काढला. या, पुढे या. कॅमेरा कुठे आहे? मागच्या रांगेतून द्या बरं इकडे. एक फिल्म भरलेली आहे. मी इथे खिडकीपाशी, उजेडात बसतो. दहा फुटांवर लावलेला आहे, तेव्हा तिथेच उभ्या राहा. कोपर बरगडीला टेकवा. मला हलू नका म्हणून सांगायची गरज नाही, मी बोलत राहीन. आणि ती काळी पट्टी ओढायला विसरू नका.